स्वरित्र

घोट्याच्या हाडावर टेकवते मी स्वरित्र
आणि विचारते, जाणवतंय का?
हो, म्हणतो बेल्मिरो, डोळे मिटून.
खोटं. अजून वाजवलंच नाहीये मी.

ओपोर्तोच्या उत्तरेला, किनाऱ्यावर,
जिथं बायका शेवाळ वाळवतात वाळूत पसरून,
त्यांच्या गावात प्रत्येक घराची एक खूण.
वल्ह्यावर, जाळ्याच्या बुचावर, थडग्यावरसुद्धा
चाकूनं कोरलेली.
थोरला बापाच्या खुणेला एक रेघ जोडतो,
त्याच्या पाठचा दोन.
धाकट्याला मिळते बापाची खूण, जशीच्या तशी.

रक्तातल्या खुणेला हा रिवाज माहीत नाही.
ती नाणं उडवते दर पाळण्यापाशी.
एका अक्षराची चूक,
आणि ऐन तिशीत तळपाय मुके.
बेल्मिरोचा बाप अनवाणी उभा होता सांडलेल्या निखाऱ्यावर,
मासे भाजत, कुणाशी तरी बोलत.
वास आला तो बायकोला.
गाव ह्याला 'पायांचं दुखणं' म्हणायचं.
दुखत तर काहीच नव्हतं.

तीच चूक, तेच अक्षर,
पार वर, स्वीडनमध्ये, उमेओच्या बाजूला,
जिथं नदीवरून हिवाळाभर चालत जाता येतं.
तिथला याल्मार एकाहत्तराव्या वर्षी लाकडं फोडतो,
आणि मोज्यात खडा गेला तर शिवी देतो.
आमच्याकडे जी तिशीतच घरात शिरते
ती तुमच्या उंबऱ्याबाहेर साठीपर्यंत का थांबते?

हा प्रश्न आधी कँटीनच्या कागदी रुमालावर होता.
मग दोन विद्यापीठांच्या करारात गेला,
सव्वीस पानं, दोन कुलगुरूंच्या सह्या,
कोरड्या बर्फाचे पैसे कुणी द्यायचे ह्यावर दीड पान,
आणि माणसांना सगळीकडे 'नमुने'.

बेचाळीस नमुने ईस्टरच्या सुट्टीत
फ्रँकफर्टच्या गोदामात अडकले नि वितळले.
मी पुन्हा तीच दारं वाजवली.
आदोसिंदा, बेल्मिरोची आई, काहीच बोलली नाही बराच वेळ.
मग हातावरचे खवले पुसले, बाही वर केली.
"घे. रक्त म्हणजे झराच की, उपसलं की झिरपतं.
पण ह्या वेळी डबा मांडीवर घेऊन बस."
बसले. तीन विमानं बदलून.
तिकडे इंगेला उभी होती पार्किंगमध्ये, उणे एकोणीसमध्ये,
म्हणाली, इथं बर्फाचा खर्च नाही.

मग काय झालं ते सांगायला सोपं, व्हायला अकरा वर्षं.
चौघं हात धरून उभे असतात त्या प्रथिनात.
एकानं हात सोडला की चौघं विखुरतात,
आणि त्यांचा गाळ साचतो नसांमध्ये.
गोळी मधोमध जाऊन बसते, खुंटीसारखी.
सुटू देत नाही.
एवढंच.
मेलेली नस ती उठवत नाही,
निखाऱ्यावरून बाप परत आणत नाही.

धाकटा किंतिनो येतो दर वेळी भावाबरोबर.
त्याच्या वाट्याला नाणं सुलटं पडलं.
तरी बूट काढून बसतो रांगेत,
माझेही बघ म्हणतो.
बघते. त्याला सगळं जाणवतं,
आणि ते सांगताना तो भावाकडे बघत नाही.

"वाजव आधी," म्हणतो बेल्मिरो. पकडलेलं कळलंय त्याला.
मी स्वरित्र तळहातावर आपटते.
घोटा. नाही.
नडगी. नाही.
गुडघ्याखाली चार बोटं.
थांब. हो. इथं.
दोन वर्षांपूर्वीही इथंच होतं,
त्याच्या आधीच्या वर्षीही.

अहवालात लिहिते, जैसे थे.
कचेरीत ह्या दोन शब्दांनी लोकांची कामं अडतात.
आदोसिंदाला वाचून दाखवले तर तिनं ते
पुन्हा वाचायला लावले.

"आता थांबलं," बेल्मिरो म्हणतो.
मी मान डोलावते, काटा तसाच धरून.
माझ्या बोटांत तो अजून
थोडा वेळ चालू असतो.